नव्वदच्या खाली गेलं की पुणं!

घरात आलेली नवी वस्तू आठ दिवसांत जुनी होते, पण तिच्या नावावरचे किस्से मात्र वाढतच जातात. आमच्याकडे मिक्सर आला तेव्हा दोन किस्से झाले, फ्रिज आला तेव्हा तीन. ऑक्सिमीटर आला आणि मी मोजणंच सोडून दिलं!

परवा शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले आणि देशमुख मॅडमनी विचारलं, "घरी ऑक्सिमीटर ठेवावा का हो? आमच्या सासूबाईंना दमा आहे." मी म्हटलं, "मॅडम, हो की नाही ते नंतर. आधी आमच्या घरचं ऐका."

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यात, नेरजवळच्या खेड्यात. सासू-सासरे, म्हणजे आई आणि बाबा, माझे मिस्टर आणि मी. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाबांना न्यूमोनिया झाला. दहा दिवस यवतमाळच्या दवाखान्यात काढले. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, "बोटाला लावायची ती मशीन घरी ठेवा. सकाळ-संध्याकाळ बघत जा."

झालं! पुण्याला राहणाऱ्या माझ्या नणंदेनं, सुनंदाताईनं, लगेच मशीन कुरिअर केली आणि वर फर्मान काढलं, "आकडा नव्वदच्या खाली गेला, की मी बाबांना पुण्याला घेऊन येणार. कायमचं!"

बाबांना पुण्याच्या नावानंच ठसका लागतो. आठ एकर वावर, दोन बैल, ओट्यावरचे सोबती, हे सगळं सोडून सातव्या मजल्यावर जाऊन काय करायचं? त्यांनी मशीन उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "म्हंजे मी कुठं राहाचं ते आता ही चिमटी सांगन काय?"

खरं सांगते, मलाही ती मशीन परत पाठवावीशी वाटली होती. ताईची काळजी खोटी नव्हती, पण बाबांशिवाय हे घर मला नको होतं.

*

पहिल्याच दिवशी घोळ! ताई फोनवर. मिस्टरांनी बाबांच्या बोटाला मशीन लावली, चष्मा पुसला आणि गंभीर आवाजात वाचलं, "एकोणऐंशी."

फोनमधून किंचाळी आली. "एकोणऐंशी? अरे, बघतोस काय! गाडी कर, दवाखान्यात ने! मी निघतेय!"

आईंनी देवापुढं दिवा लावला. मिस्टर गाडीची किल्ली शोधायला लागले. बाबा मात्र खाटेवर बसून निवांत सुपारी कातरत होते. मी मशीन हातात घेऊन पाहिली. त्यावर दोन आकडे होते. वरचा पंच्याण्णव, खालचा एकोणऐंशी. वरचा ऑक्सिजनचा, खालचा नाडीच्या ठोक्यांचा. मिस्टरांनी खालचा वाचला होता!

ताईला फोन केला तर ती कॅबमध्ये बसून हडपसरच्या पुढं आली होती. तिला तिथूनच परत पाठवलं.

बाबा म्हणाले, "पोट्ट्याले शेतकी कॉलेजात टाकलं, अन् वरचं-खालचं समजत नाई याले!"

*

मग रोज सकाळी आठ वाजता आकड्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकायचा, असं ठरलं. आठवडाभर चौऱ्याण्णव, पंच्याण्णव असे फोटो गेले. एका सोमवारी एकदम नव्व्याण्णव! ताईचा अंगठा नाही, हार्ट नाही. थेट व्हिडिओ कॉल.

"आई, बोट दाखव."

"कायचं बोट?" आईंनी हात पदराखाली घेतला.

"फोटोतलं बोट हळदीनं पिवळं झालंय. बाबांनी कधी भाजीला फोडणी दिलीय का?"

बाबांना त्या दिवशी सर्दी होती. आकडा कमी यायच्या भीतीनं त्यांनी आईंचं बोट पुढं केलं होतं. ताई इतकी चिडली की तिची पुण्याची भाषा तिथंच गळून पडली. "बाबा, तुमी मले येडी समजता काय? उद्यापासून व्हिडिओवर मोजाचं!"

रागाच्या भरात का होईना, लेक आपल्या बोलीत बोलली, म्हणून बाबा दिवसभर खूश होते. सर्दी असूनही त्यांचा स्वतःचा आकडा त्र्याण्णव होता, ती गोष्ट वेगळीच.

*

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. संध्याकाळी ओट्यावर रांग लागायला लागली. "काकाजी, मले लावा न एकडाव!" बाबाही रुबाबात एकेकाचं बोट तपासायचे. जणू दवाखानाच उघडला होता.

त्यात तांड्यावरचे किसनभाऊ आघाडीवर. आमच्या वावराला लागूनच त्यांचं वावर, त्यामुळे घरच्यासारखं येणं-जाणं. त्यांचा या मशीनवर मुळीच विश्वास नव्हता. एक दिवस ते आपली पांढरी बकरी ओढत घेऊन आले. "काकाजी, हिले लावा. मशीन खरी का खोटी, आत्ताच समजते."

बाबांनी बकरीच्या कानाला चिमटी लावली. ओट्यावर सगळे श्वास रोखून बसलेले. बकरीनं दोनदा कान झटकला, मशीन दोनदा पडली. तिसऱ्यांदा आकडा आला, सत्त्याण्णव.

किसनभाऊ हसून हसून ओट्यावरून खाली बसले. "काकाजी, पुण्याले हिलेच पाठवा! हिची तब्येत तुमच्यापेक्षा बेस हाय!"

बाबांना राग आला तो बकरीचा. "दिवसभर बोरीचा पाला खाते, तिले सत्त्याण्णव. अन् मी पथ्यानं राहून राह्यलो, तर मले पंच्याण्णव!" दुसऱ्या दिवसापासून ते दोन्ही वेळा श्वासाचे व्यायाम न चुकता करायला लागले. डॉक्टरांनी कितीदा सांगितलं होतं, पण ऐकलं बकरीचं!

*

आता हा किस्सा हसण्याचा नाही, पण सांगायलाच हवा.

सप्टेंबरातल्या एका रविवारची दुपार. किसनभाऊ कपाशीवर फवारणी करून आमच्या वावरातल्या झोपडीत पाणी प्यायला आले. बाबा तिथंच होते, मी डबा घेऊन गेले होते. किसनभाऊंना दरदरून घाम आलेला, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी. म्हणाले, "ऊन लागलं, काकाजी. जराक पडतो."

"ऊन नोहे हे. फवारणीचं औषध लागलं तुले. दवाखान्यात चाल."

"कायले? आता बरं वाटन." आणि ते आडवे व्हायला लागले.

बाबांनी एका हातानं त्यांना सावरलं आणि मिस्टरांना गाडी आणायला फोन करायला मला सांगितलं. मग किसनभाऊंच्या अंगातला भिजलेला सदरा काढला, हौदाचं पाणी बादली-बादलीनं अंगावर ओतलं. किसनभाऊ मात्र हटूनच बसलेले, "दवाखाना नको." तेव्हा बाबांनी खिशातून मशीन काढली आणि त्यांच्या बोटाला लावली. सत्त्याऐंशी!

"पाह्य," बाबा म्हणाले. "तुह्या बकरीले किती होतं?"

किसनभाऊंचा चेहरा उतरला. मुकाट्यानं गाडीत बसले.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावलं, "वेळेवर आणलंत. पण लक्षात ठेवा, आकडा चांगला दिसला असता तरी आणायचंच होतं. असं झाल्यावर मशीनची वाट पाहायची नाही." मान्य! पण हट्टी माणसाला गाडीत बसवायला त्या दिवशी आकडाच कामी आला. आमचं बोलणं ते ऐकतच नव्हते.

पाचव्या दिवशी दवाखान्यातून सुटून किसनभाऊ आमच्याकडे आले. लोटाभर बकरीचं दूध बाबांसमोर ठेवलं. मग म्हणाले, "काकाजी, तुमी पुण्याले असते, तर मी आज कुठं असतो?"

बाबांनी मला फोन हातात घ्यायला लावला. "हे जसंच्या तसं टाईप कर अन् टाक ग्रुपवर!"

*

कापूस वेचणीचे दिवस आले. बाबा बायांच्या आधी वावरात हजर. दवात भिजलेली बोंडं चाचपून आठला घरी यायचे, आणि मग व्हिडिओ. एका सकाळी भारी थंडी होती. मशीन लावली तर अठ्ठ्याऐंशी!

ताई शांतपणे म्हणाली, "झालं. मी तिकीट काढते."

मिस्टर काही बोलायला गेले, पण बाबांनी हातानं थांबवलं. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा पडलेला पाहिला मी.

आई चुलीपुढून ओरडल्या, "थांब वं, पोरी! ह्यायचे हात पाह्य, निरा बरफ झाले!" त्यांनी बाबांना ओढत चुलीजवळ बसवलं आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळायला लागल्या. तिकडे ताई पाहतेय, इकडे आम्ही पाहतोय. बाबांनी मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला सुरुवात केली.

पाच मिनिटांनी पुन्हा मशीन लावली. पंच्याण्णव!

"आई, नक्की काय केलंस तू?" ताईनं विचारलं.

"काय करू? लग्नात हात धरला होता, तवापासून आजच धरून राह्यली!"

तेव्हापासून आमच्या घरी नियमच झाला. आधी हात शेकायचे, मग मोजायचं. शेकायचं काम आईंकडे. डिसेंबरभर बाबा वेळेआधीच चुलीजवळ येऊन बसायचे.

*

आणि मग संक्रांतीला ताई स्वतः आली. सोबत मोठी बॅग, पूर्ण रिकामी. बाबांचे कपडे भरायला!

"बसल्या-बसल्या आकडा कोणाचाही चांगला येईल," ती म्हणाली. "चालल्यावर किती येतो ते दाखवा. नव्वदच्या खाली आला तर उद्या सकाळी निघायचं." डॉक्टरांनीही सहा मिनिटं चालून मोजायला सांगितलं होतं, त्यामुळे आम्हाला काही बोलता येईना.

बाबांनी टोपी घातली. "सहा मिंट कायले? वावरापर्यंत चाल."

आमचं वावर घरापासून दीड किलोमीटर. बाबा निघाले, घाई नाही, थांबणं नाही, एका चालीनं. ताई त्यांच्या बरोबरीनं, मी मागं. नाल्यापर्यंत ताई बोलत होती, पुण्यातल्या डॉक्टरांबद्दल, लिफ्टबद्दल, बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपबद्दल. नाल्यानंतर बोलणं कमी झालं. नांगरलेल्या काळ्या मातीतून तिची सँडल निसटायला लागली. शेवटी ती सँडल हातात घेऊन चालली. बाबांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वावरात किसनभाऊ वाट पाहत उभे होते, बाबांनी निघतानाच त्यांना फोन केला होता. आज पंच तेच! त्यांनी बाबांच्या बोटाला मशीन लावली. माझे हात गार पडले होते, माझ्या बोटाला लावली असती तर काहीच दिसलं नसतं.

"वरचा चौऱ्याण्णव!" किसनभाऊंनी पार तांड्यापर्यंत ऐकू जाईल असा आवाज दिला. "खालचा ब्याण्णव!"

ताई बांधावर बसली होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, बोलायला श्वास पुरत नव्हता. किसनभाऊंनी न विचारताच मशीन तिच्या बोटाला लावली, आकडा पाहिला आणि काही न बोलता ती बाबांसमोर धरली.

बाबांनी चष्मा वर करून आकडा नीट वाचला. मग खिशातून मोबाईल काढला आणि थेट पुण्याला जावयांना फोन लावला.

"जावईबापू, ब्याग पोहचली. पण मी नाई येऊन राह्यलो. तुमची मंडळीच एक महिना अठी ठेवून घेतो म्हंतो... नाई, नाई, घाबराचं काही कारण नाई. वरचा बराबर हाय. खालचा एकशे बेचाळीस!"