वेळेआधी येणारी गाडी

त्याचं नाव मी विचारलं नाही, कारण त्यानं माझं बोट पाहिलं होतं.

त्या वर्षी जादा कामाला दुप्पट मजुरीचा कायदा येणार म्हणून नंदुरबारचे कापूस जिनवाले, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांचे मालक, हवालदिल झाले होते. त्यांना तो समजावून सांगत हा गृहस्थ जिनोजिन फिरायचा. आमच्याकडे आला तेव्हा बसायच्या आधी त्यानं भिंतीवरचं घड्याळ आपल्या खिशातल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. मग चहा बशीत ओतून फुंकत बसला.

आमच्या शेठनी लगेच विचारलं, "यातून पळवाट काय?"

उत्तर द्यायचं सोडून त्यानं यंत्रात कापूस घालणाऱ्या बाईला हटकलं, "बाई, सुट्टी कधी होते?"

"सुरतनी गाडीनी शिट्टी व्हयनी का दिन सरना," बाई म्हणाली. "पन हाई घड्याय म्हनस, आजून अर्धा तास शे."

"शेठ," तो म्हणाला, "तुमच्याकडे सहाची गाडी रोज साडेपाचलाच येते. आगगाडीवर असा आळ आजवर कुणी घेतला नव्हता."

शेठ छताकडे पाहू लागले. गृहस्थानं माझ्या बोटाकडे पाहिलं. मी तिथला हजेरी कारकून. रोज दुपारी स्टुलावर चढून काटा अर्धा तास मागे आणि सुट्टीनंतर पुन्हा पुढे सारणारं, तेलानं काळं झालेलं ते बोट माझंच. मिशा पुसायचा रुमाल त्यानं माझ्यापुढे धरला.

मी बोट पुसलं आणि पुन्हा स्टुलावर चढून काटा पुढे घेतला. शेठनी अडवलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या जिनातही गाडी, साऱ्या मुलखासारखी, उशिरा येऊ लागली.