वजन बसलं होतं

“वजन बसलं होतं ताई. बरोबर बसलं होतं.” प्रज्ञाच्या बॉक्सिंगच्या सरांच्या फोनवरचं पहिलं वाक्य हे. मी धुळ्यातल्या माझ्या शाळेत सहावीच्या वर्गावर होते, व्हरांड्यात येऊन फोन घेतला. प्रज्ञा गेली हे त्यांनी नंतर सांगितलं... निवड चाचणीच्या वजनासाठी काट्यावर उभी राहिली, खाली उतरली, भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. पोरगी गेल्याचं सांगायला फोन केला आणि या माणसाला आधी वजन आठवलं! महिना उलटून गेला, पण माझा संताप कमी होत नाही. तो व्हावा असं मला वाटतही नाही.

प्रज्ञा माझी मामेबहीण, पारोळ्याची. मामा तिथल्या बाजार समितीत हमाली करतात. दहावीनंतर ती शिकायला माझ्याकडे धुळ्याला आली. बॉक्सिंग तिच्या डोक्यातही नव्हतं. इथल्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये मुली कमी पडत होत्या म्हणून सरांनी हिच्या हातात ग्लोव्ह्ज चढवले आणि पहिल्याच दिवशी हिने समोरचीचं नाक फोडलं. घरी येऊन हसता हसता सांगत होती. तेव्हा ती काय जेवायची! कळण्याची भाकरी, ठेचा, वर शेंगदाण्याच्या तेलाची धार... “ताई, अजून एक टाक ना,” म्हणत ओट्याशेजारीच ताट घेऊन उभी राहायची. मला भाकरी थापायचा कंटाळा, पण तिच्यासाठी थापायचे.

त्याच वर्षी ती सगळ्यात हलक्या गटात, अठ्ठेचाळीस किलोत, पदक घेऊन आली. पारोळ्याच्या बसस्टँडसमोर भलामोठा फ्लेक्स लागला. तिचा फोटो, तिच्याहून मोठे पुढाऱ्यांचे फोटो आणि खाली लाल अक्षरांत तिचं वजन. तिथेच सगळं बिघडलं. वाढत्या वयाची पोर, तिची हाडं अजून रुंदावायची होती, आणि गावाने तिचं वजन चौकात टांगून ठेवलं! सगळे तिला ‘अठ्ठेचाळीसवाली’ म्हणू लागले. पुढे ती उंच झाली, खांदे भरले, काटा पन्नाशी ओलांडू लागला. मी सरांना म्हटलं, वरच्या गटात खेळवा की. “तिथे तगड्या पोरी बसल्यात ताई. इथे पदक हातातलं आहे,” ते म्हणाले. प्रज्ञालाही समजावलं, तर म्हणाली, “वर गेले तर गावात म्हणतील, जाडी झाली, घाबरली.”

मग सुरू झालं वजन तोडणं. खेळातला शब्दच तो, आणि बोलतातही तो किती सहज! आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात अंगावर रेनकोट घालून ही गच्चीवर दोरीच्या उड्या मारायची. ताटातली भाकरी अर्धी झाली, मग नुसती काकडी, आणि वजनाची तारीख जवळ आली की पाणीही बंद. गेल्या वर्षीच्या चाचणीत शेवटची लढत साक्रीच्या रोशनीशी होती. पहिल्या दोन फेऱ्या हिच्याच. तिसरीत पाय लटपटले, हात वर येईनात आणि निकाल रोशनीकडे गेला. सर म्हणाले, दम कमी पडला, मेहनत वाढवू. अहो, उपाशी पोटी दम येणार कुठून? औताला जुंपायच्या बैलापुढेही माणूस आधी चारा टाकतो.

पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर हॉलमध्ये शोकसभा झाली. एकामागून एक उठले आणि ‘खेळासाठी बलिदान’ म्हणून बसले. माझं डोकंच फिरलं. बलिदान कसलं? पाणी न पिता मेली ती! मामी माझा हात धरून तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मन्ही पोर पानीबिगर गई वं, आशा...” ते एकाच्याही भाषणात आलं नाही. आणि चहा फिरायला लागला तशी माझ्या मागच्या खुर्च्यांवर चर्चा सुरू झाली, आता या गटात पुढे कोण. हॉलच्या कमिटीतले एक भाऊ सांगत होते, “आते रोशनीना रस्ता मोकया शे.” प्रज्ञाच्या फोटोवरचा हार अजून ताजा होता. मी चहाचा कप तसाच ठेवून बाहेर आले.

रोशनी आता सरांकडेच सराव करते. प्रज्ञा गेली म्हणून पुढे ढकललेली चाचणी पुढच्या महिन्यात आहे आणि पोर वर्षभरात चांगली वाढली आहे. हे कळल्यावर मी परवा संध्याकाळी हॉलवर गेले. प्रज्ञाची एक सवय होती: पाण्याचा घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि कोपऱ्यातल्या बादलीत थुंकायचा. घसा ओला करायचा, पोटात थेंब जाऊ द्यायचा नाही. रोशनी बॅगवर ठोसे मारून आली, ओठ पांढरे पडलेले. तिने बाटली उघडली, घोट घेतला, गाल फुगवून घोळवला आणि बादलीकडे वाकली... हुबेहूब प्रज्ञा. मी धावत जाऊन तिची हनुवटी धरली.

“गिळ,” मी म्हणाले.

तिने सरांकडे पाहिलं. सर काट्याजवळ उभे होते. “ताई, तिचं वजन...” ते म्हणाले.

“गिळ गं पोरी!”

तिचा घसा हलला तेव्हाच मी हात काढला.