स्टॅम्पपेपरवरची सोयरीक

ती घटना आठवली की एका तेवीस वर्षांच्या मुलीचा चेहरा आजही डोळ्यांपुढे उभा राहतो. मी तेव्हा पनवेलला निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हाती दिला. पलीकडे एक तरुणी घाईघाईने बोलत होती. तिच्या मैत्रिणीने साखरपुडा मोडला म्हणून घरच्यांनी तिला कोंडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी पळस्प्याच्या हॉलवर त्याच मुलाशी तिचं लग्न उरकणार होते. स्वतःचं नाव तिने सांगितलं नाही, पत्ता मात्र बिनचूक दिला.

डायरीला नोंद करून, महिला हवालदाराला घेऊन मी निघालो. खाडीकाठचं कोळ्याचं घर. खोलीला बाहेरून कडी होती. ती काढायला लावली, तशी मुलगी बाहेर आली. तळोज्याच्या एका कारखान्यात ती प्रयोगशाळेत नोकरीला होती. वडिलांनी हात जोडले.

"साहेब, मला काय हौस नाय. साखरपुड्याला स्टॅम्पपेपर केलाय, माझी सई हाय. लगीन मोडलं तं जेलात जाशील, असं पोराचा बाप बोलतो."

दोन्ही बाजूंना ठाण्यात बोलावलं. मुलाच्या बापाने कागद टेबलावर आपटला. "करार आहे साहेब. मुलगी आता आमची."

मी म्हणालो, "नुकसानभरपाई मागायची तर दिवाणी कोर्टात जा, तिथे काय ते ठरेल. पण लग्न लावाच, असा हुकूम कुठलंच कोर्ट देत नाही. आणि सज्ञान मुलीला कोंडणं हा गुन्हा आहे."

यावर त्याने मुलीच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू केली. लग्न का मोडलं, या प्रश्नाला तिचं उत्तर एकच, "माझं मन नाही." खोटं बोलणारा माणूस खुलासे फार करतो. ही एकही करत नव्हती. मुलगा मात्र बापाच्या प्रत्येक शिवीला मान आणखी खाली घालत होता. मी त्याला एकट्याला आत घेतलं.

"तिला असं बोलतायत, तुला चालतंय?"

तो ढसाढसा रडला. "साहेब, मोडायला मीच सांगितलं तिला. माझं दुसऱ्या मुलीशी जमलंय. बाबांपुढे बोलायची हिंमत नाही. ती म्हणाली, मी माझ्यावर घेते, पण त्या मुलीला फसवू नकोस."

"हे बाहेर येऊन बोल."

बाहेर येऊन तो सगळ्यांसमोर बोलला. त्याच्या बापाने टेबलावरचा कागद उचलून खिशात घातला. मुलीच्या वडिलांना हुंदका आवरेना. "पोरी, मला तरी सांगायचंस."

"त्याला शब्द दिला व्हता, बाबा."

वडिलांविरुद्ध तक्रार द्यायला तिने नकार दिला. तसा जबाब घेऊन मी त्यांना सक्त समज दिली.

अशी प्रकरणं तोवर मी 'दिवाणी बाब' म्हणून दारातूनच परत पाठवत असे. त्यानंतर मात्र मुलामुलीला वेगवेगळं बसवून ऐकून घेतल्याशिवाय एकालाही परत पाठवलं नाही. कायदा मला ठाऊक होता. ऐकायचं कसं, ते त्या दिवशी कळलं.

जबाबावर सही करून ती म्हणाली, "साहेब, मी निघू? दुपारची पाळी आहे."

मी उठून उभा राहिलो आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली.