क्युबेकमधली हाक

राणीसावरगावच्या कासाबाईने नवऱ्याला जन्मभर एकाच शब्दाने हाक मारली होती. लग्नातल्या उखाण्यात त्याचे नाव तिने एकदा घेतले, तेही बायकांनी दार अडवून धरले म्हणून. पुढे मेंढरे घेऊन माळावरून गोदाकाठी उतरताना, कुणाच्या रानात खतासाठी कळप बसवताना, मागे राहिलेले कोकरू पोटाशी धरून धापा टाकताना, पुढे चाललेल्या येडबाला तिने ‘आवोऽ’ एवढेच म्हटले, आणि तो वळला. पालमच्या भरल्या बाजारात चार बायका एकदम ‘आवोऽ’ म्हणाल्या, तरी त्यातली आपली कोणती हे त्याला कळत असे.

मुलगा अमृत कॅनडात नोकरीला. त्या उन्हाळ्यात त्याने दोघांना टोरांटोला बोलावून घेतले आणि सुट्टी काढून गाडीने क्युबेक शहर दाखवायला आणले.

“तिथं इंग्रजी कमीच. सगळे फ्रेंच बोलतेत,” तो वाटेत म्हणाला.

“आपल्याला दोन्ही सारखेच येतेत,” येडबा म्हणाला.

दगडी वेशीतून आत शिरल्यावर मात्र तो टोपी मागे सारून बघू लागला. कड्यावर वसलेले गाव, गावाभोवती तट, उतरत गेलेले फरशीचे रस्ते, खिडकीखिडकीत फुले. एवढे जुने असून कुठे एक चिरा ढळलेला नव्हता. लुगड्याखाली मुलाने घेऊन दिलेले बूट घालून कासाबाई हळूहळू चालत होती. तेवढ्यात पाववाल्या दुकानाच्या दारातली बाई हसून म्हणाली, “आलो.”

येडबा चटकन मागे वळला. कासाबाई तर त्याच्या शेजारीच होती, तोंड मिटून.

थोडे पुढे कुत्रे फिरवणारा एक माणूस तसेच म्हणाला. मग चौकातली एक म्हातारी. येडबा दर वेळी वळला.

“बा, हे त्यांचं राम राम हाय,” अमृतने समजावले.

“म्हंजे सगळं गावच तुझ्या मायवानी हाक मारायलंय. मान आवघडली माझी. आता म्या कुणालाच ओ देत न्हाई.”

“माजी तर वळखू येती का न्हाई?” कासाबाईने विचारले.

“तुजी काय सोन्याची हाय व्हय?”

दुसरी एक गोष्ट त्याला सकाळपासून सलत होती. तटाच्या वरच्या अंगाला गाडीतून मोठे कुरण दिसले होते. “येवढं हिरवंगार, आन तोंड लावायला एक जनावर न्हाई,” असे तो जेवतानाही दोनदा बोलला.

दुपार कलल्यावर अमृतने दोघांना नदीवरच्या लाकडी सज्ज्यावर बाकड्यावर बसवले. “गाडी घेऊन येतो. हितून हालू नका.” दोघांचे फोन त्या गाडीतच राहिले होते.

कासाबाई नदीकडे पाहू लागली. गंगाखेडला गोदेच्या पलीकडच्या काठावरचा माणूस चालीवरून ओळखता येतो. इथे पलीकडच्या काठावरची घरेच काडेपेटीएवढी दिसत होती. मधून दुमजली वाड्याएवढे जहाज निघाले होते, आणि त्या पाण्यावर ते कोकराएवढे दिसत होते. एवढे पाणी, आणि जराही आवाज नाही. तिचे हात नकळत जोडले गेले. ते सोडून तिने शेजारी पाहिले, तर येडबा नव्हता.

आयुष्यभर तो पुढे आणि ती मागे. त्याच्या पाठीकडे पाहून चालण्यात तिला कधी वाट विचारावी लागली नव्हती. आता इथे विचारायची तर कोणत्या बोलीत? त्याला फ्रेंच येत नाही, इंग्रजी येत नाही, मुलाच्या घराचा पत्ताही येत नाही.

मग तिला कुरण आठवले. अमृतला खूण म्हणून तिने पिशवी बाकड्यावर ठेवली आणि सज्ज्याच्या टोकाच्या लाकडी पायऱ्या ती चढू लागली. कड्याला धरून गेलेल्या त्या पायऱ्या संपता संपेनात. वर पोचली तेव्हा समोर आभाळाला टेकलेले गवत होते. त्यात माणसे मुंग्यांसारखी पसरलेली. लांबवर एक पाठ मात्र वाकून गवत चाचपीत चालली होती. अंगात अमृतचे जुने जाकीट, डोक्याला टोपी. पलीकडे झाडी सुरू होत होती.

“आवोऽ,” तिने हाक दिली.

“आलो,” जवळून जाणारी एक पोरगी हसून म्हणाली.

“आवोऽऽ.”

“आलो, आलो.” गवतावर पहुडलेल्या जोडप्याने हात हलवले. वाकलेली पाठ वळली नाही. तशीच झाडीकडे चालत राहिली.

आणखी थोडे, आणि तो झाडीत शिरणार. तिने पदर डोक्यावर नीट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “येडबाऽऽ.”

आपल्याच तोंडातून निघालेला तो शब्द तिला परका वाटला. कुरणावरून तो लांब लांब गेला. तिने डोळे उघडले. पाठ थबकली होती. मग तो वळला आणि धावत सुटला.

“काय झालं? आमरुत बरा हाय ना?” जवळ येऊन त्याने धापा टाकत विचारले. तिने नाव घेतले म्हणजे काहीतरी आक्रीत घडले, याची त्याला खात्रीच होती.

“काही न्हाई झालं,” ती मटकन खाली बसली. “तुमी ओ देत न्हवता.”

“मला वाटलं हितलीच कुणी.”

तोही शेजारी बसला. त्या न चरलेल्या गवतावरून त्याने हात फिरवला.

“आणखी एकदा घे की,” तो हळूच म्हणाला.

“गप बसा. माणसं हायेत.”

“त्यांला काय कळतंय?”

तेवढ्यात पायऱ्यांकडून अमृत पिशवी घेऊन पळत आला. त्याचा चेहरा उतरला होता. “बा, तुमचं नाव घेऊन कोण वरडायलतं?”

कासाबाईने मान खाली घालून गवताची काडी खुडली. येडबाने टोपी सारखी केली.

“असंल,” तो म्हणाला, “हितलीच कुणीतरी.”