नवऱ्याच्या पत्राचा मायना

तानाबाई कोडोलीहून गंगावेशीजवळच्या गल्लीत नांदायला आली तेव्हा सोळा वर्षांची होती. लग्नाच्या तिसऱ्या महिन्यात नवरा, हंबीरराव, पलटणीत परत गेला. पुढं वर्षातून एक महिना तो रजेवर यायचा. उरलेले अकरा महिने त्याची पोस्टकार्डं यायची.

घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. त्यामुळं पोस्टमन गणपतराव उंबऱ्याशी उभं राहून कार्ड वाचून दाखवत. सासू, धोंडुबाई, हातातली चरवी खाली ठेवून पुढं बसायची.

"तीर्थरूप मातोश्रीस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. म्हशीला जपावे. घरी सर्वांस नमस्कार."

तानाबाई दाराआड उभी राहून ऐकायची. त्या 'सर्वांस'मध्ये आपणही असणार, एवढ्यावर ती अकरा महिने काढायची. एकदा तिनं आडूनच विचारलं, "शेवटचं परत वाचता का?"

"शेवटी काय हाय त्यात?" सासू म्हणाली. "नमस्कार तर हाय."

एक्कावन्न साली गल्लीतल्या शाळेत दुपारी बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला. लेकाची पत्रं घरातच वाचून होतील म्हणून धोंडुबाईनं सुनेला जाऊ दिलं. शिकवायला कालिंदीबाई होत्या. विशीत कपाळ पांढरं झालेल्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या.

सहा महिन्यांनी पत्रलेखनाचा धडा आला. बाईंनी एकेक प्रकार सांगितला. कार्ड उघडं असतं, ते वाटेत कुणीही वाचतं. पाकीट बंद. नवीन निघालेलं अंतर्देशीय घडी करून चिकटवायचं. तिकीट लावलं नाही तर पत्र बेरंग होतं, घेणाऱ्याला दुप्पट पैसे भरावे लागतात. दुःखाची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडतात. मग मायने सांगितले. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव.

"आनि नवऱ्याला?" वर्गातल्या बयाबाईनं विचारलं. वर्ग हसला.

"पुस्तकात प्राणनाथ असतं," बाई म्हणाल्या.

"आमचं मालक घाबरून पळून जातील."

आणखी हसू झालं. ते ओसरल्यावर तानाबाईनं विचारलं, "तसल्या पत्राला म्हंत्यात काय, बाई?"

"प्रेमपत्र."

तो शब्द पुन्हा कुणी मोठ्यानं म्हटला नाही. तानाबाईनं तो पाटीवर लिहिला, जोडाक्षर नीट आलं का ते पाहिलं आणि तळव्यानं पुसून टाकला.

त्या आठवड्यात तिनं बाईंकडून एक अंतर्देशीय आणवलं. मायन्याची जागा कोरीच सोडली. खाली लिहिलं, 'आता मला वाचाया येतं. तुमचं पत्र मीच वाचनार. मनात असंल ते लिवा. मला करमत न्हाय.' दोन दिवस ती ते चोळीत घेऊन फिरली आणि तिसऱ्या दिवशी पेटीत टाकून आली.

उत्तर महिन्याभरानं, बंद पाकिटातून आलं. अक्षर नेहमीचंच, सुरेख वळणदार. 'तुझे पत्र पोहोचले. मला लिहिता वाचता येत नाही हे तुला ठाऊक नाही. माझी पत्रे कृष्णात लिहितो. तो गडहिंग्लजचा, आमच्याच कंपनीतला. तुझे पत्र त्यानेच वाचून दाखवले. यापुढे जपून लिहावे.'

आपण लिहिलेलं 'करमत न्हाय' कुणा परक्यानं मोठ्यानं वाचलं, या विचारानं तिला दिवसभर गोठ्याबाहेर यावंसं वाटेना. तेव्हापासून तीही खुशालीचंच लिहू लागली. म्हैस व्याली. सासूबाईंचा गुडघा दुखतो. रजा कधी ते कळवावे.

त्या वर्षी रजा मिळाली नाही. आठ महिन्यांनी गणपतरावांनी एक अंतर्देशीय हातात दिलं. "पत्ता कुणी लिवलाय कुणास ठाऊक," ते म्हणाले, "पोरासोरानं लिवल्यागत."

तिनं ते गोठ्यात जाऊन उघडलं. अक्षरं वाकडीतिकडी, काही उलटी. पेन्सिल दाबून कागद दोन ठिकाणी फाटला होता.

'ताना. मि लीवलं. कृषनातनं शीकीवलं. मला बि करमत नाय. हंबीर.'

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि नवऱ्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. चारचौघांत नाही, एकांतातही नाही. ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सासूनं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेली नाही.

पुढं पाच वर्षं ती दोघं लिहीत राहिली. सासूसाठी कार्ड, तिच्यासाठी अंतर्देशीय. अंबाल्याची थंडी, स्वप्नात दिसलेला रंकाळा, न झालेलं मूल, सगळं त्यात यायचं. प्रत्येक पत्र 'ताना'नं सुरू व्हायचं.

सत्तावन्न साली हंबीरराव पेन्शन घेऊन घरी आला. सकाळी दोघं मिळून म्हशी गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढायला न्यायची. तो कष्टाळू होता, तिच्यावर कधी हात उचलला नाही. पण बोलायचा ते "अगं", "ऐकलं काय", "वैरण टाक". पत्रातला माणूस तिला घरात कुठंच सापडेना.

वर्ष गेल्यावर एकदा वैरण टाकताना तिनं विचारलं, "लांब हुतासा तवा लई बोलत हुतासा की."

तो पेंढी सोडत राहिला. "लिवाय येतं गं मला," म्हणाला. "बोलाय येत न्हाय."

त्या उन्हाळ्यात भावाच्या लग्नाला ती कोडोलीला गेली. लग्न झालं, पाहुणे पांगले, तरी ती निघेना. बाराव्या दिवशी हंबीररावचं पत्र आलं, 'ताना'नं सुरू झालेलं. तिनं ते उसाच्या बांधावर बसून दोनदा वाचलं.

"मालकांनी बोलवून घेतलंय काय?" भावानं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "पन मी अजून आठ दिस ऱ्हाते. उत्तर लिवायचं हाय."