भातलावणीतली बोटं

मालवाहू गाड्यांच्या ड्रायव्हरांची ओळख बोटांच्या ठशांवरून कशी पटवायची, याचे नियम आमची समिती लिहीत होती. ठशांचं कलम माझं. तीन वेळा बोट लावूनही ठसा जुळला नाही, तर परवान्याचं नूतनीकरण थांबवायचं, असं मी ठोकून दिलं होतं. दुसऱ्याच्या परवान्यावर ट्रक हाकणारे यात अलगद सापडतील, याचा मला कोण अभिमान!

चाचणीसाठी जुलैत सोमाटण्याला यंत्र मांडून बसले. परंदवडीचे एक ड्रायव्हर आले, आंबीच्या कारखान्यांचा माल वाहणारे. उन्हाळ्यात याच यंत्रावर त्यांचा ठसा घेतला होता. आता तीनदा बोट लावलं, तीनदा नकार.

"ताई, आठ दिस इरजिकात हाये," ते म्हणाले. "गावात एकमेकाची भातं लावतोय. चिखलात बोटं पार झिजली. माजं लायसन पुढच्या लावणीतच सपतंय. ह्यो नियम लागला, तर गाडी कोन देनार मला?"

"रोपं लावून कुणाचे ठसे जातात का, भाऊ?" मी ऐटीत विचारलं.

"मंग उद्या या की आमच्या खाचरात."

मी जात्याच हट्टी. गेले. दिवसभर वाकून रोपं लावली. माझी वाकडी ओळ बघून बायका हसत होत्या आणि मागून येणारी एक मावशी ती गुपचूप सरळ करत होती. दुपारी बांधावर सगळ्यांबरोबर भाकरी खाल्ली. खरं सांगते, कित्येक दिवसांत इतक्या मजेत जेवले नव्हते.

संध्याकाळी हात धुऊन, पुसून मी गाडीतलं यंत्र काढलं. माझा ठसा त्यात पहिल्यापासून होता. बोट लावलं. जुळेना. दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. कातडी भिजून पार सुरकुतली होती.

भाऊ शेजारी उभे राहून बघत होते. "आता तुमी कोन म्हनायच्या, ताई?"

बांधावर हशा पिकला. मीही हसले, पण मनातून चांगलीच वरमले.

पुढच्या बैठकीत माझं कलम मीच खोडलं. बोट जुळलं नाही तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवावी, नूतनीकरण अडवू नये, असं लिहिलं. अध्यक्षांनी पुरावा मागितला. मी न जुळलेल्या तीन नोंदी पुढे ठेवल्या.

"हा ड्रायव्हर कोण?"

"मीच," मी सांगितलं.

भाऊंचं लायसन यंदा भर लावणीत नवं झालं. त्या दिवशी मी त्यांच्याच खाचरात होते. माझी ओळ अजून वाकडीच येते.