मोहाच्या टोपलीतल्या गोळ्या

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी बायोप्सीचा रिपोर्ट वाचला. बायोप्सी म्हणजे गालातला तुकडा काढून केलेली तपासणी. म्हणाल्या, "कॅन्सर हाडापर्यंत गेलाय. आता ऑपरेशनचा उपयोग नाही."

आमचे हे शेजारीच बसले होते. वीस वर्षं लाकूड डेपोत काम, आणि तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा. त्या खर्र्यावरून मी जन्मभर भांडले. त्या दिवशी भांडायलाही काही उरलं नाही.

मॅडमनी दुखणं कमी करायला मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. म्हणजे आजार बरा होणार नाही, पण माणसाला त्रासात ठेवायचं नाही. गोळी दर चार तासांनी, घड्याळ पाहून. सोबत पोट साफ होण्याचं औषध. पंधरा दिवसांनी रिकाम्या पट्ट्या दाखवल्या की पुढच्या गोळ्या.

अहेरीजवळच्या आमच्या गावात कोणीतरी बोललं, ही अफूची गोळी आहे. झालं. जाऊ दारातूनच म्हणाली, "नशेची सवय लागन भाऊजीले." मरणाऱ्या माणसाला कसली आली सवय! पण तेव्हा मला हे सुचलं नाही. हळूहळू लोक येईनासे झाले.

चूक मात्र माझीच. आम्ही मोहाची फुलं वेचून वाढलेली माणसं. उन्हाळ्यात वेचायची, वाळवायची, पावसाळ्यातल्या अडीनडीला झाकून ठेवायची. हाती आलेलं लगेच संपवणारी बाई आमच्यात उधळी ठरते. गोळ्यांचंही मी तेच केलं. पुढे दुखणं वाढेल तेव्हा लागतील, म्हणून दिवसाला दोनच द्यायची. बाकीच्या मोहाच्या टोपलीत.

हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. विचारलं की म्हणायचे, "दुखत नाई." घरात आम्ही दोघंच, आणि दिवसभर शब्द नाही. इतकी एकटी मी कधीच नव्हते.

पंधराव्या दिवशी यांच्या उशाशी पाणी ठेवलं, दार लोटलं आणि सगळ्या पट्ट्या घेऊन एसटीने चंद्रपूरला गेले. टोपलीतल्या न संपलेल्या पट्ट्या मॅडमनी पाहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई, ही साठवायची गोळी नाही. दुखणं वाढलं तर आपण डोस वाढवू. पण आज दिली नाही, तर आजचं दुखणं त्यांनी उगाच सोसलं."

परतीच्या बसमध्ये पदर तोंडाला लावून रडले. घरी पोचल्यावर आधी गोळी दिली, मग मोबाइलवर चार-चार तासांचे गजर लावले.

तिसऱ्या दिवशी हे उठून बसले. वाटीभर पेज प्यायले. मी सगळं कबूल केलं. गाल हाताने धरून हे हसले.

"मले माहीत होतं. टोपलीत ठेवताना पाह्यलं मी."

"मग बोलले काऊन नाई?"

"मले वाटलं गोळ्याच कमी आहेत, म्हणून पुरवून देते. तुले पुन्हा चंद्रपूरले जा लागन. म्हणून म्हणत होतो, दुखत नाई."

नंतर तीन आठवडे मिळाले. कोणी आलं नाही, पण घरात बोलणं होतं. डेपोतल्या गमती, पेजेत मीठ कमी म्हणून माझ्यावर कुरकुर. एका दुपारी झोपेतच गेले.

उरलेल्या गोळ्या दवाखान्यात परत दिल्या. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. माझे ते पहिले पंधरा दिवसही विसरणार नाही.

तुमच्या घरी असं दुखणं आलं, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला गोळी द्या. माणसाच्या तोंडाकडे पाहून ठरवू नका. तो म्हणेल, दुखत नाही. आमचे हेही तसंच म्हणत होते.